मानवशास्त्र वाचून इंजिनिअर कलेक्टर होतात, मग मानवशास्त्रवाले काय होतात?

मानवशास्त्राला, म्हणजे माणसाच्या शरीराचा, समाजाचा आणि चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्या विषयाला, सध्या सगळ्यात जास्त भाव आहे तो दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरात. बी.टेक. झालेली पोरं तिथल्या क्लासमध्ये काही महिन्यांत कुळी, गोत्र, आते-मामे विवाह घोटतात आणि यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेतात. मुख्य परीक्षेच्या १७५० लेखी गुणांपैकी ५०० त्याचे. २०१७ च्या परीक्षेत देशात पहिला आलेला अनुदीप दुरिशेट्टी शिक्षणाने इंजिनिअर, विषय मानवशास्त्र. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं हाच विषय शिकून एम.ए., एम.एस्सी. केलं, त्यांना लग्नकार्यात भेटेल तो विचारतो, "मग आता पुढे काय?"

निकालाचे दिवस आले की माझ्या इनबॉक्समध्येही हेच. म्हणून एकदाच लिहून टाकते. कामाला तोटा नाही, पण त्या कामावर आपल्या विषयाची पाटी नाही. "मानवशास्त्रज्ञ पाहिजेत" अशी जाहिरात शोधत बसलात तर वय निघून जाईल.

पाटीवाल्या जागा आधी उरकते. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण ही १९४५ ची संस्था, मुख्यालय कोलकात्यात, विभागीय केंद्र आपल्या नागपुरात. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, भोपाळला मानव संग्रहालय. भरती निघेल तेव्हा निघेल. प्राध्यापकीचं म्हणाल तर नेट-सेट झालेली माणसं तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजं करतायत, सुट्टीत मानधन बंद. फॉरेन्सिकचं वेड मालिका बघून लागतं. हाडांवरून वय-लिंग सांगायचं काम आपल्याकडे बहुतेक न्यायवैद्यकवाले डॉक्टरच करतात.

आता बिनपाटीचं. जमातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी ज्यांनी काढली आहे त्यांना दक्षता पथक, म्हणजे दावा खरा की खोटा याची चौकशी करणारं पथक, माहीत असेल. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याची पद्धत घालून दिली. कुलदैवत कोणतं, लग्न कसं लावता, मयताला पुरता की जाळता, हे सगळं अर्जदाराच्या घरी जाऊन विचारायचं, आणि विचारणार कोण? पोलीस निरीक्षक! दाखला तपासणाऱ्या समितीवर संशोधन अधिकारी असतो, मान्य. पण दारात उभा राहून प्रश्न विचारतो तो खाकीतला माणूस. तीन पिढ्या शहरात राहिलेल्या घरातल्या पोराला जुना विधी सांगता आला नाही की शेरा पडतो. खरं तर स्थलांतराने चालीरीती बदलतात हे या विषयातलं अगदी सुरुवातीचं शिक्षण. चालीरीती विचारून जमातीशी नातं ताडायची ही 'आप्तभाव चाचणी' अंतिम कसोटी नव्हे, हे शेवटी २०२३ साली सुप्रीम कोर्टालाच स्पष्ट करावं लागलं. त्या निरीक्षकासोबत प्रत्येक जिल्ह्यात एक प्रशिक्षित मानवशास्त्रज्ञ द्या, ही माझी साधी मागणी आहे. कुणी ऐकत नाही ते सोडा.

वनहक्काचंही तेच. जंगलावरच्या हक्काच्या दाव्यासोबत जे पुरावे चालतात त्यात म्हाताऱ्या माणसांचे जबाब येतात, वंशावळ येते, देवस्थानं आणि स्मशानाच्या जागाही येतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर जिल्ह्यात गावोगाव ही कागदं तयार झाली. वंशावळ नीट काढता येणारा माणूस संस्थांना तिथे हवाच असतो. फक्त पदाचं नाव 'प्रकल्प समन्वयक' असतं.

माझं पोट मात्र खाजगी क्षेत्रावर चालतं. पेमेंट ॲपच्या एका कामात आम्ही भाजीबाजारात बसायचो. एक मावशी क्यूआरचा स्टँड गिऱ्हाइकाकडे पाठ करून ठेवायच्या. आमच्या आधीच्या सर्व्हेत अशा विक्रेत्यांपुढे 'तांत्रिक साक्षरता कमी' असं लिहिलेलं. मी दोन दिवस नुसतीच त्यांच्याशेजारी मेथी निवडत बसले. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, "खातं पोराचं हाय गं. सकाळी माल उचलायला त्याच्याकडं हात पसरायचा का मी?" मावशींना ॲप उत्तम कळत होतं. घरात पैसा कुणाच्या हातात राहतो, हे आम्हाला कळलं नव्हतं. या कामाला कंपन्या 'यूजर रिसर्च' म्हणतात आणि बरे पैसे देतात. तिथे डिझाईनवाले आणि एमबीएवाले आपल्याआधी पोचलेले असतात, कारण आपण अर्जच करत नाही.

यात दोष आपल्या विभागांचाही आहे. फिल्डवर्क होतं, प्रबंध बाइंड होतो, कपाटात जातो. त्याच फिल्डवर्कवर दोन पानांचा अहवाल लिहायला कुणी शिकवत नाही. आकडेवारी म्हटलं की मुलं पळतात. कुपोषणाच्या कामात मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पुढे काय करायचं हे ठाऊक असतं, पण तालुक्याचा तक्ता मांडता येत नाही. गोंडी, कोरकू, पावरी यांपैकी एखादी भाषा कामापुरती येत असेल तर मुलाखतीत बाकीचे मागे पडतात, हे मी समोर बसून बघितलंय.

पालकांनी पैशाचं विचारलं की मी खोटं सांगत नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं अकरा महिन्यांची कंत्राटं असतात, पगार शेजारच्या बी.कॉम.वाल्या मुलापेक्षा कमी असू शकतो. घरावर कर्जाचे हप्ते असतील तर आधी दुसरी पदवी करू द्या, एखादी नोकरी धरू द्या. एम.ए.ला बऱ्याच ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते. आणि मुलीला आत्ताच घ्यायचं असेल तर घेऊ द्या, फक्त सोबत संख्याशास्त्राचा एक पेपर घ्यायला लावा. ती कुरकुर करेल. करू दे.