कार्ड आहे म्हणून पॉलिसी बंद करताय? थांबा भो

जळगावपासून शहाद्यापर्यंत सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "70 च्या पुढं आयुष्मान कार्डवर प्रत्येकी 5 लाखाचा इलाज फुकट, गोळ्या पण फुकट, मेडिक्लेम बंद करा, आणि जेनेरिक घेऊ नका, त्यात खडू असतो." अर्धा खरा आहे म्हणूनच लोक फसताहेत.

पहिलं म्हणजे प्रत्येकी नाही. 70 च्या पुढं उत्पन्नाची अट नाही हे बरोबर, 2024 च्या ऑक्टोबरपासून तसंच आहे, पण घरात आजी-आजोबा दोघं असले तर वर्षाचे 5 लाख दोघांत मिळून.

आता गोळ्या. खरी मेख इथंच आहे. ही योजना ॲडमिट होणाऱ्यासाठी आहे, ओपीडी त्यात नाही. डिस्चार्जनंतर 15 दिवसांची औषधं पॅकेजमध्ये येतात, सोळाव्या दिवसापासून खिशात हात घाला. आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचा खर्च असतो कशावर, तर शुगर, बीपी, थायरॉइड, दर महिन्याला, मग केळीचा भाव पडलेला असो नाहीतर कापूस घरात पडून असो. पैसा आटला की पहिली काटछाट गोळीतच होते, दिवसाआड खातात, घरी सांगत पण नाहीत, आणि मग एक दिवस ॲडमिट. तेव्हा कार्ड चालतं म्हणा!

मेडिक्लेमचा हप्ता परवडत नाही हे मी पण मान्य करतो. पण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांच्या वर वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयला, म्हणजे विमा कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, विचारावं लागतं. एकदा बंद करून नंतर नवी घ्यायला गेलात तर जुन्या आजाराला 3 वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही, तेही त्यांनी पॉलिसी दिली तर. शिवाय 70 च्या पुढं प्रायव्हेट पॉलिसी असली तरी कार्ड मिळतं, मग एक सोडायचं कशाला? कार्ड सगळ्या दवाखान्यांत चालत नाही, यादीतल्याच चालतं, म्हणून आधी आयुष्मानच्या हेल्पलाइनला, 14555 ला, फोन करून विचारा.

जेनेरिकमधल्या खडूचं काय बोलायचं. जेनेरिक म्हणजे तेच औषध, फक्त मोठ्या ब्रँडच्या नावाशिवाय. जनऔषधी म्हणजे सरकारी योजनेतली स्वस्त जेनेरिकची दुकानं, तिथल्या मालाची बॅच लॅबमध्ये तपासूनच दुकानात येते. खोटा माल ब्रँडच्या नावानं पण निघतो, उलट ज्याचा खप जास्त त्याचीच नक्कल होते. पट्टीवर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेलं असतं, ते आणि चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा, चालेल का विचारा, मगच बदला. जनऔषधीत सगळ्याच गोळ्या मिळत नाहीत, कधी स्टॉकच नसतो. ज्या मिळतील त्या तिथून घ्या, बाकीच्या नेहमीच्या मेडिकलवरून.