होपवेलची ओहोटी आणि हॅलिफॅक्सचं घड्याळ

काका, सप्रेम नमस्कार.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फंडीच्या उपसागराबद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते कालपासून तीन-चारदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. लेख वाचून तुम्ही, काकू, लेक आणि जावई हॅलिफॅक्सहून तीन तास गाडी चालवून होपवेल रॉक्सला, म्हणजे फंडीच्या काठावरच्या त्या उंच खडकांपाशी गेलात; ओहोटीला तिथे समुद्राच्या तळावर उतरून चालता येतं, असं मी लिहिलं होतं. फोनवर ओहोटीची वेळ बघूनच निघालात. पोचलात तर खाली उतरायचा जिना बंद, आणि खाली गढूळ तांबडं पाणी. त्यातून खडकांचे माथे आणि त्यांच्यावरची झाडं तेवढी वर आलेली. ‘समुद्राच्या तळावर चालता येतं ही निव्वळ जाहिरात आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. पेगीज कोव्ह या खडकाळ किनाऱ्यावर लाटांपासून लांब राहा, या माझ्या सूचना तुम्हाला भित्र्या वाटल्या. फंडीच्या चिखलाचं एवढं कौतुक कशासाठी, हा तुमचा तिसरा प्रश्न.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे, आणि ती मान्य करूनच पुढचं लिहिते. ‘ओहोटीची वेळ बघून जा’ एवढंच मी लिहिलं होतं. कुठल्या गावची ओहोटी, ते लिहिलं नव्हतं. जावईबापूंनी राहत्या गावाची, म्हणजे हॅलिफॅक्सची वेळ पाहिली. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

तुम्ही विचारलंत, ‘रत्नागिरीला आणि मालवणला भरती जवळपास एकाच सुमाराला लागते. इथे तीनशे किलोमीटरवर असा किती फरक पडणार?’ प्रश्न अगदी रास्त आहे. आपला कोकण किनारा सरळ उभा, उघड्या समुद्राला तोंड करून आहे. भरती येते ती सगळ्या किनाऱ्याला साधारण एकदमच भिडते. हॅलिफॅक्सही तसंच उघड्या अटलांटिकवर आहे. होपवेल मात्र फंडीच्या आत, पार वरच्या टोकाकडे आहे आणि दोघांच्या मधे अख्खा नोव्हा स्कोशियाचा द्वीपकल्प आडवा पडलाय. गाडी जमिनीवरून सरळ जाते. भरतीला मात्र द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, अमेरिकेच्या मेन राज्यालगतच्या आखातातून, मग फंडीच्या अडीचशेहून जास्त किलोमीटर लांब नरसाळ्यातून आत चढावं लागतं. त्यामुळे हॅलिफॅक्सची भरती-ओहोटी आधी होऊन जाते आणि होपवेलची काही तासांनी होते. तुम्ही पोचलात तेव्हा हॅलिफॅक्सच्या बंदरात पाणी पार ओसरलेलं असणार, आणि होपवेलला ते नुकतं उतरायला लागलं असणार. आणखी थोडे तास थांबला असतात तर त्याच जिन्यावरून खाली गेला असतात, हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय.

तिथीच्या पाऊणपटीचा तुमचा हिशेब मला ठाऊक आहे. माझे आजोबा बोटांवर तोच करायचे: चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. तो हिशेब आपल्या किनाऱ्यासाठी सोळा आणे खरा आहे. रोज पाऊण तासाच्या आसपास उशीर होतो तो चंद्रामुळे, आणि ते जगभर सारखंच. पण मोजायला सुरुवात कुठून करायची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला भरती किती वाजता लागणार, हे चंद्र एकटा ठरवत नाही. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली ते ठरवते. आपल्या सूत्रात कोकणचा किनारा आधीच धरलेला आहे. शिवाय उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात.

आता फंडीतल्या भरती-ओहोटीच्या फरकाचा माझ्या लेखातला १६ मीटरचा आकडा, जो तुम्हाला फुगवलेला वाटला. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास जातं. आपल्याकडे खंभातच्या आखातात ते त्याच्या दुपटीच्या घरात पोचतं, म्हणून हे आपल्याला अगदीच परकं नाही. हॅलिफॅक्सला जेमतेम दोन मीटर. आणि त्याच अटलांटिकचं पाणी फंडीच्या आतल्या मिनास खोऱ्यात, बर्नकोट हेडपाशी, १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. पाच मजली इमारत, दिवसातून दोनदा. होपवेलला त्याहून थोडं कमी.

याचं कारण झोपाळ्यात आहे. माजघरातल्या झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलकासा पाय दिला की झोका वाढत जातो. लय चुकली की कितीही जोर लावा, अडखळतो. फंडी आणि मेनचं आखात मिळून जे पाण्याचं भांडं होतं, त्यातलं पाणी एकदा हललं की एका टोकाकडून दुसरीकडे जाऊन परत यायला त्याला सुमारे १३ तास लागतात. चंद्राच्या एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंतचा काळ १२ तास २५ मिनिटं. दोन्ही इतके जवळ की चंद्र दरवेळी अगदी योग्य क्षणी पाय देतो. वर उपसागर आत जाताना अरुंद आणि उथळ होत जातो, म्हणून पाणी आणखी चढतं. चंद्र तर सगळीकडे तोच आहे. हे भांडं मात्र तिथेच आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा भरती पाहिली आणि मग सहा तास तिथेच थांबले. सकाळी कयाकमधली माणसं खडकांच्या माथ्यांमधून वल्ही मारत होती. दुपारी त्याच जागी, त्यांच्या होड्यांच्या तळाच्या कितीतरी खाली, मी ओल्या वाळूत उभी होते. गोट्यांनी भरलेल्या तांबूस दगडाचे ते खांब खाली निमुळते आणि वर रुंद, म्हणून लोक त्यांना फ्लॉवरपॉट म्हणतात. समुद्री शेवाळाचे झुबके माझ्या डोक्याच्या खूप वर लोंबत होते आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. वर मान करून ती ओली रेघ पाहिली तेव्हा पोटात कालवलं. १६ मीटर म्हणजे काय ते मला आकड्याने कळलं नव्हतं, त्या ठिबकण्याने कळलं. आणि हे खडक कायमचे नाहीत. २०१६ च्या मार्चमध्ये ‘एलिफंट रॉक’ नावाच्या खांबाचा मोठा भाग कोसळला. जे आज दिसतंय ते बघून घ्यावं असं मला वाटतं, ते म्हणूनच.

तळावर साधारणपणे ओहोटीच्या आधी तीन तासांपासून नंतर तीन तासांपर्यंत थांबता येतं. सगळ्यांनी वर यायची वेळ ठरलेली असते आणि ती पाळायची, कारण पाणी समोरून तर येतंच, पण खडकांच्या मागच्या बाजूनेही भरतं.

पेगीज कोव्हबद्दल मात्र, काका, मी एक शब्दही मागे घेणार नाही. तुम्ही लिहिलंत की हर्णैच्या खडकांवर आयुष्य गेलंय, लाटेला काय घाबरायचं. तुमचा अनुभव मोठा आहे, पण तो त्या समुद्राचा आहे जो पावसाळ्यात खवळतो आणि ते खवळणं आधीपासून आभाळात दिसतं. पेगीज कोव्हला निरभ्र ऊन असताना, शेकडो किलोमीटर दूरच्या वादळाने उठवलेली लाट येऊन धडकते. दहा मिनिटं पाणी खाली खेळत राहतं, मग अचानक एक लाट बाकीच्यांपेक्षा खूप वर चढते. ग्रॅनाइटचा उतार गुळगुळीत, सरळ पाण्यात जाणारा, हाताला धरायला काही नाही. पाणी इतकं गार की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय थोड्या वेळात आखडतात. खडक जिथे काळा दिसतो तिथे लाट पोचते, म्हणून काळ्या खडकावर जाऊ नका अशा पाट्या तिथे आहेत. त्या पाट्यांपलीकडे गेलेली माणसं तिथे दगावली आहेत. १९१५ चं ते पांढरं-लाल दीपगृह कोरड्या, फिकट खडकावरूनही तेवढंच देखणं दिसतं. २०२१ पासून तिथे प्रशस्त लाकडी चौथराही आहे, चाकाच्या खुर्चीलाही जाता येईल असा. काकूंना गुडघ्यांचा त्रास आहे असं तुम्ही लिहिलंत, त्यांना तो सोयीचा पडेल.

आणि चिखल. त्याचं कौतुक मी मनापासून केलं होतं. आपल्याकडे खाजणात चिखल तुडवत कालवं-शिंपले वेचणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. चिखल म्हणजे भरलेलं ताट, हे त्यांना सांगावं लागत नाही. फंडीच्या चिखलात कोरोफियम नावाचा कोळंबीचा बारीकसा भाऊबंद अगणित संख्येने राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तर ध्रुवाकडून तुतवाराच्या जातीचे लाखो छोटे पक्षी त्यासाठी इथे उतरतात. एकेक पक्षी वीसेक ग्रॅमचा. दोन-तीन आठवडे खाऊन वजन जवळपास दुप्पट करायचं, आणि मग अटलांटिकवरून, कुठेही न थांबता, थेट दक्षिण अमेरिका. सलग सुमारे तीन दिवस. वाटेत बसायला जागा नाही. फंडीच्या काठावरच्या मेरीज पॉइंटला भरतीच्या वेळी ते उरलेल्या चिंचोळ्या किनाऱ्यावर दाटीवाटीने बसतात, आणि ससाणा आला की सगळा थवा एकदम उठून धुरासारखा वळतो, एकदा तपकिरी, एकदा पांढरा. तेव्हा माणसांनी लांब, गप्प बसायचं. आपण उठवलं की त्यांची साठवलेली चरबी खर्च होते.

तुमची लेक हॅलिफॅक्सला आहे, तर पुढच्या खेपेला होपवेलपेक्षा बर्नकोट हेड गाठा. दीडेक तासाचा रस्ता, तळावर चालायलाही मिळतं. जुने बूट घाला, चपला चिखलात राहतात. कॅनडाच्या सरकारी भरती-ओहोटीच्या तक्त्यात बर्नकोट हेड हे नाव शोधा, हॅलिफॅक्स नव्हे. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस पकडले तर उधाण मिळेल, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांपेक्षा बरंच मोठं.

मूळ लेखातलं ते अर्धवट वाक्य मी आज सकाळी बदललं आहे. आता तिथे प्रत्येक ठिकाणापुढे तक्त्यात कुठलं नाव बघायचं ते दिलंय. तारीख ठरली की इथेच कळवा, त्या दिवसाच्या वेळा मी तुम्हाला काढून देईन.