५० नॅनोमीटरची पावडर ९१ टक्क्यांवर का अडली?

सिंटरिंग, म्हणजे दाबलेली पावडर न वितळवता भाजून घट्ट करणं, यावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा: 'पावडर जितकी बारीक, तितकं सिंटरिंग कमी तापमानाला' हे पुस्तकी विधान आहे, ५० नॅनोमीटरची अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) १५५० अंशांना भाजूनही घनता, छिद्ररहित पदार्थाच्या तुलनेत, ९१ टक्क्यांवर अडली, तुकडे तडकले, आणि साध्या ०.५ मायक्रॉनच्या पावडरीने ९८ टक्के दिली. निरीक्षण रास्त आहे. त्या लेखात कणांच्या गुठळ्यांचा मुद्दा राहून गेला, ती चूक माझी.

शास्त्रज्ञ हेरिंगने १९५० मध्ये मांडलेला नियम खोटा ठरत नाही: कण निम्मा झाला की सिंटरिंगचा वेळ ८ ते १६ पटींनी घटतो. पण तो सुट्या कणांसाठी आहे. कॅल्सिनेशनमध्ये (पावडर तयार करतानाच्या भाजणीत) एकमेकांना चिकटलेल्या कणांची गुठळी प्रेसच्या दाबाने फुटत नाही. भट्टीत ती आधी आतल्या आत आवळते आणि शेजारच्या गुठळीपासून सुटते. मधे पडलेलं छिद्र कणांच्या मानाने इतकं मोठं असतं की ते मिटतच नाही. तुमची उरलेली ९ टक्के पोकळी बहुधा तिथेच अडकलीय.

पडताळणी सोपी आहे. बीईटीने (पावडरीवर वायू चिकटवून मोजण्याच्या पद्धतीने) पृष्ठफळ मोजा. ६ ला घनता (३.९८) आणि पृष्ठफळ (चौरस मीटर प्रति ग्रॅम) यांच्या गुणाकाराने भागलं की कणाचा व्यास मायक्रॉनमध्ये मिळतो, पृष्ठफळ ३० असेल तर ०.०५ येतो. मग लेझरने डी-५० (निम्मी पावडर ज्याहून बारीक असते तो आकार) पाहा. तो २ मायक्रॉन निघाला, तर एकेका गुठळीत हजारो कण आहेत.

अशी पावडर पाण्यात अमोनियम पॉलिअॅक्रिलेट हा डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं द्रव्य) घालून, शुद्ध अॅल्युमिनाच्या गोळ्यांनी बॉल मिलमध्ये दळा. डिस्पर्संट वजनावर नव्हे, पृष्ठफळावर ठरवा. ग्रॅमला १० चौरस मीटरच्या पावडरीचं प्रमाण इथे, ३० ला, तिपटीने कमी पडेल. दर ४ तासांनी नमुना काढा, डी-५० उतरायचा थांबला की मिल बंद करा; पुढे फक्त गोळ्या झिजतात. स्लरी (पावडर-पाण्याचं मिश्रण) ट्रेमध्ये वाळवलीत तर केलेलं सगळं वाया, पुन्हा ढेप बसते. स्प्रे ड्रायरच (गरम हवेत फवारून वाळवणारं यंत्र) हवा.

तडे वेगळ्या कारणाने. अतिबारीक पावडर दाबून ४५ टक्के घनतेपर्यंतच बसते, म्हणजे ९८ पर्यंत जाताना प्रत्येक बाजू २३ टक्के आकसणार. ६० टक्के बसली असती तर १५. त्यात छिद्रं अरुंद, बाइंडर (कण धरून ठेवणारं द्रव्य) जळताना निघणाऱ्या वायूला वाट नाही. भट्टीचं तापमान ६०० अंशांपर्यंत मिनिटाला अर्धा ते एक अंश वाढवा, त्याहून घाई नको.



अॅल्युमिनाच्या साध्या टाइलसाठी मी ०.२ ते ०.५ मायक्रॉनच घेईन. तुमची बीईटी आणि डी-५० मात्र नक्की कळवा.