कार्नेगीची वाचनालये फुकट नव्हती

पुण्यातल्या वाचकांमध्ये सध्या एक मजकूर आवर्जून पुढे पाठवला जातो आहे. अँड्र्यू कार्नेगी या पोलाद उद्योगपतीने अडीच हजार वाचनालये एकाच नकाशावर फुकट बांधून दिली, आपल्याकडे असा दाता झाला नाही आणि म्हणून आपली वाचनालये दुर्बल राहिली, असे त्यात म्हटले आहे. यातला आकडा बरोबर आहे. १८८३ ते १९२९ या काळात अशी २,५०९ वाचनालये उभी राहिली आणि त्यांतली १,६८९ एकट्या अमेरिकेत होती. बाकीचे म्हणणे मात्र टिकत नाही.

पहिला मुद्दा ‘फुकट’ या दाव्याचा. कार्नेगीची देणगी प्रामुख्याने इमारतीपुरती असे. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या किमान दहा टक्के रक्कम दरवर्षी सार्वजनिक निधीतून वाचनालयावर खर्च करण्याची हमी द्यायची, अशी अट होती. म्हणजे १०,००० डॉलर घेणाऱ्या गावाला दरसाल १,००० डॉलरची तजवीज करावी लागे.

‘एकाच नकाशावर’ हेही खरे नाही. सुरुवातीच्या इमारतींत घुमट, खांब आणि प्रशस्त दालने यांवर पैसा जाऊन पुस्तकांना जागा अपुरी पडू लागली, तेव्हा कार्नेगीचे सचिव जेम्स बर्ट्रम यांनी १९११ मध्ये सूचनांची एक पुस्तिका काढली. तिच्यात एक नव्हे, अनेक आराखडे होते आणि दर्शनी भागाची रचना स्थानिक वास्तुरचनाकारांवर सोपवली होती. बर्ट्रम यांचा खरा आग्रह आतल्या मांडणीबद्दल होता: एकाच ग्रंथपालाला मधल्या जागेवरून सगळे दालन दिसावे, आणि मागच्या व बाजूच्या खिडक्या जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर असाव्यात, म्हणजे त्यांच्याखाली भिंतीलगत पुस्तकांची कपाटे सलग लावता येतील. व्याख्यानाचे दालन अर्धवट जमिनीखालच्या मजल्यावर घेतल्यामुळे मुख्य मजला उंचावर जाई. दारापुढच्या पायऱ्या त्यातूनच आल्या. लहान गावाच्या तुटपुंज्या मनुष्यबळाचा इतका बारकाईने विचार करणारी वास्तुरचना मला फार मोलाची वाटते, आणि तिला छापील साचा म्हणणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडे दाते नव्हते, हे विधान तर पुण्यात बसून कोणी करू नये. आजचे पुणे नगर वाचन मंदिर लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये सुरू झाले, म्हणजे कार्नेगीच्या पहिल्या वाचनालयाच्या ३५ वर्षे आधी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे. अशा संस्था सभासदांच्या वर्गणीवर आणि स्थानिक देणग्यांवर वाढल्या.

उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. मद्रासच्या १९४८ च्या आणि कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यांनी ग्रंथालय कराची तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात तो कर नाही. त्यामुळे आपली वाचनालये शासकीय अनुदान आणि वर्गणी यांवर अवलंबून राहिली, आणि अनुदान रखडले की सर्वांत आधी नवी पुस्तके थांबतात. दात्याची वाट पाहण्यापेक्षा या कराची मागणी आपण लावून धरली पाहिजे.