तर्री जरा कमी टाका, भाऊ

नागपूरच्या माणसाला तिखट सोसत नाही, हे कोणालाच पटत नाही. जन्म महाल भागातला, शाळा इतवारीतली, मे महिन्यात ४५ अंशांत सायकल हाणलेली, सगळं खरं. पण जीभच अशी निघाली त्याला मी काय करणार? आमच्याकडे तिखट पडायच्या आधी माझी भाजी वाटीत काढून ठेवतात. आई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "याले वांग्याचं भरीत बी झोंबते, बाप्पा."

घरच्या घरात हे खपून जातं. पाहुणा आला की पंचाईत. नागपुरात उतरलेला माणूस रिक्षात बूड टेकायच्या आत विचारतो, "सावजी कुठं चांगलं मिळतं?" सावजी म्हणजे इथलं जहाल तिखट रश्शाचं जेवण. दीक्षाभूमी, झिरो माइल, फुटाळा, सगळं मागाहून. बरं, नुसता पत्ता सांगून सुटका नाही. सोबत जावं लागतं, आणि गेलं की समोर बसून खावंही लागतं.

म्हणून मी पाहुण्याला भलतीकडे वळवायला शिकलो. शहरही त्याबाबतीत दिलदार आहे. १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी इथं होती, त्यामुळे कचेऱ्यांतून हिंदी बोलणारे मुरले. बंगाल-नागपूर रेल्वेनं बंगाली बाबू आणले. फाळणीनंतर सिंधी मंडळी जरीपटक्यात स्थिरावली. प्रत्येकानं आपापली कढई बरोबर आणली. एवढा सरंजाम हाताशी असताना पाहुण्याला इतवारीच्या गल्लीत कशाला शिरू द्यायचं?

पण मागच्या महिन्यात पुण्याहून साडूभाऊ आले, आणि माझं सगळं कसब उघडं पडलं.

"जरीपटक्याला जाऊ," मी म्हटलं. "दालपकवान खाऊ. खुसखुशीत पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी..."

"तो सकाळचा नाश्ता ना? आत्ता रात्रीचे आठ वाजलेत."

"मग मोमीनपुऱ्यात बिर्याणी."

"बिर्याणी आमच्या कॅम्पात मिळते."

"डोसा?" हे मी अगदीच हात टेकल्यावर म्हणालो. त्यावर त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

शेवटचा पत्ता लांब रोटीचा. ती सांगण्यात मी तरबेज आहे. कणीक इतकी सैल की हातात ठरत नाही. करणारी बाई ती या हातावरून त्या हातावर झेलत राहते, आणि झेलता झेलता रोटी मनगट ओलांडून पार कोपरापर्यंत लोंबते. मग ती उपड्या मडक्याच्या तापल्या पाठीवर अलगद टाकायची. खाली चूल धगधगते, आणि वर रोटीचा पदर दिव्यासमोर धरला तर पलीकडचं दिसावं असा पातळ. साडूभाऊ रंगले. मला वाटलं, मारलं मैदान.

"पण खायची कशाशी?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "सावजी रश्शाशी, भाऊजी! यांना काय विचारता?"

वाटेत गाडीत साडूभाऊ मलाच माझं शहर समजावून सांगत होते. फोनवर वाचून आले होते ना! हे हलबा कोष्टी समाजाचं खाणं, विणकरांचं. दिवसभर मागावर बसून दमलेल्या माणसांचं. पूर्वी जवसाच्या तेलात करत. मग जमशेटजी टाटांनी १८७७ साली इथं एम्प्रेस मिल काढली, त्याबद्दलही गोळीबार चौक येईस्तोवर ऐकवलं. मी हूं हूं करत होतो. माझं लक्ष पोटाकडे होतं.

खानावळ गल्लीत होती. स्टीलची ताटं, कापलेला कांदा, लिंबाच्या फोडी, आणि आत शिरताच खोकला. साडूभाऊंनी मटण सांगितलं, वर खूर आणि सुंदरी, म्हणजे बकऱ्याचे पाय आणि आतडीही. मी डाळकांदा. त्यात हाडं चोखत बसावं लागत नाही, तेवढंच लवकर सुटतं.

"तर्री जरा कमी टाका, भाऊ," मी पोऱ्याला हळूच म्हटलं.

"कमीच आहे न भाऊ हे."

वाटीत काळपट रस्सा, त्यावर बोटभर लाल तर्री. इतकी निवांत की छताचा पंखा तिच्यात फिरताना दिसत होता. सावजीचा लबाडपणा असा की पहिला घास काहीच बोलत नाही. खसखस, धने, दगडफूल, छान वाटतं. दुसऱ्या घासालाही सभ्यपणा असतो. मिरे मागाहून येतात. आधी कानशिलं तापतात, मग टाळू, आणि मग नाकाचा मालकाशी संबंध राहत नाही.

साडूभाऊंना घाम फुटला होता, पण रश्शाची वाटी तोंडाला लावतील इतक्या आनंदात ते होते. मी पाण्याच्या तिसऱ्या पेल्यावर होतो. शेवटी लाज सोडून विचारलं, "दही मिळेल का?"

पोऱ्यानं गल्ल्यावरच्या मालकाकडे पाहिलं. मालक उठून आले, पण माझ्याकडे नाही. साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, पाहुण्यायले पहिल्याच दिवशी काहून आणलं इथं? एक-दोन दिस साधं खाऊ द्याचं न."

"अहो, हे नागपूरचेच आहेत. पुण्याचा मी."

मालक मनापासून हसले. "काहून मजाक करता, भाऊ," म्हणाले, आणि माझ्यासाठी शेजारच्या दुकानातून दही आणायला पोऱ्याला पिटाळलं. बिलात त्याचे पैसे लावले नाहीत. पाहुण्याकडून काय घ्यायचे!

परतताना मी संत्रा बर्फीसाठी गाडी थांबवायला लागलो, तर साडूभाऊंनी अडवलं. गोडानं म्हणे तोंडाची चव जाईल. घरी पोचेपर्यंत त्यांनी तर्री पोह्यांचा विषय काढला होता. काळ्या चण्याची तर्री वरून मागून घ्यायची असते, हेही त्यांना ठाऊक होतं.

"सकाळी सातला निघू," त्यांनी दारातच जाहीर केलं.

"जा की," बायको म्हणाली. "हे येतील ना सोबत."