धरणगावच्या सरांना उत्तर: रक्त पिणारा नायक आणि आमच्या मुली

नमस्कार सर,

किशोरवयीन मुली अमानवी नायकांच्या प्रेमकथा का वाचतात, या माझ्या लेखावर तुम्ही सणसणीत लिहिलंत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा देते. रक्तपिपासू आणि माणसाचे लांडगे होणं हे विलायती खूळ आहे, आपल्या मातीशी त्याचं नातं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या डोक्यात त्यातून प्रेमाच्या भलत्या कल्पना शिरतात. साने गुरुजींनी जिथे शिकवलं त्या अमळनेरातल्या आमच्या वाचनालयाने असली पुस्तकं कपाटात ठेवणं लाजिरवाणं आहे, ती काढून टाका. इतकं तुम्ही म्हणालात, आणि सौम्य शब्दांत म्हणालात असं काही नाही.

मातीचंच आधी बोलू. तुम्ही धरणगावचे. तुमच्याच गावात १८९० साली त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले आणि १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' झाले, तेव्हा तेही पोरसवदाच होते. त्यांच्या फुलराणीचा जीव जडतो तो सूर्याच्या किरणावर. संध्याकाळचा खट्याळ वारा तिला त्यावरून चिडवतो, ती लाजते, आणि पहाटे थाटात लग्न लागतं. नवरी गवतातली, नवरा आकाशातला. ही कविता तुम्ही किती वर्गांकडून पाठ करून घेतली असेल! तेव्हा एकाही पालकाने येऊन विचारलं नसेल की हे स्थळ कुठलं.

आणखी मागे जा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उर्वशी आणि पुरूरव्याचा संवाद आहे. अप्सरा माणसाला सोडून निघाली आहे आणि तो विनवण्या करतो आहे. त्यात उर्वशीच त्याला सांगते की बायकांशी सख्य होत नसतं, त्यांची हृदयं रानलांडग्यांची असतात. (लांडगे तिथेही आहेत, सर.) तेव्हा माणूस आणि माणूस नसलेलं कोणी यांच्या प्रेमाची गोष्ट काही अमेरिकेने २००५ साली 'ट्वायलाइट' छापून शोधली नाही.

पण मला खरं बोलायचंय ते दमयंतीबद्दल. महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा येते आणि मराठीत ती रघुनाथ पंडितांनी घरोघरी पोचवली, हे मी तुम्हाला काय सांगावं. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव नळाचंच रूप घेऊन बसतात. समोर पाच नळ. दमयंती देवांनाच शरण जाऊन खूण मागते, आणि तिला फरक दिसू लागतो. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळा ताज्या, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, सावली पडत नाही. खऱ्या नळाला घाम आहे, धूळ आहे, माळ कोमेजलेली आहे आणि सावली आहे. ती त्याला माळ घालते. १८९७ सालच्या ड्रॅक्युलालाही सावली नसते, हे वाचलं तेव्हा मला पहिली आठवण या मांडवाची झाली. अमर, देखणा, बिनघामाचा पुरुष समोर आला तर मुलीने काय करावं, हा प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारून झालाय. दमयंतीने एक उत्तर दिलं, 'ट्वायलाइट'ची नायिका बेला नेमकं उलटं देते, ती अमर, रक्तपिपासू एडवर्डलाच निवडते. उत्तरावर भांडू या की! पण प्रश्नच परका आहे, असं नका म्हणू.

आता खानदेशातल्या मुलीचं बघा. ती शहाणी झाली की घरातल्या बायका काय सांगतात? भरदुपारी केस मोकळे सोडून विहिरीवर जाऊ नको, पाण्यातल्या साती आसरा धरतात. तिन्हीसांजेला चिंचेखाली थांबू नको. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातातसुद्धा कट्यार देतात, कारण त्या अंगाला बाहेरचं चटकन लागतं अशी समजूत. म्हणजे अदृश्य काहीतरी तुझ्यावर टपून आहे आणि ते याच वयात टपतं, हे तिने कादंबरी उघडण्याच्या कितीतरी आधी ऐकलेलं असतं. ते आपणच तिला सांगितलेलं असतं. फक्त आपल्या गोष्टीत ती भक्ष्य असते. तिचं मत विचारण्याचा प्रश्नच येत नाही, उतारा टाकायचा आणि तिला घरात बसवायचं.

या कादंबऱ्यांमध्ये तेच अदृश्य समोर येऊन उभं राहतं आणि बोलतं. आमच्याकडची एक मुलगी मूळ इंग्रजी पुस्तक अडखळत, शब्दकोश घेऊन वाचत होती. परत करायला आली तेव्हा मी विचारलं, त्या पांढऱ्याफटक पोराचं एवढं काय आवडलं गं तुला? तिने खांदे उडवले आणि म्हणाली, "तो इचारस तरी, मॅडम."

मला वाटतं, या साहित्याची सगळी ओढ त्या एका वाक्यात आहे. नायकाला रक्त हवंय, त्याच्यात ताकद आहे, आणि तरी तो स्वतःला आवरतो. एसटी स्टँडवर टपलेल्या पोरांकडून जिने असं आवरणं कधी पाहिलेलं नाही, तिला हे जादूपेक्षाही अद्भुत वाटत असेल. शिवाय स्वतःच्या शरीरात जे चाललंय त्याची तिला भीती असते आणि उत्सुकताही असते. गोष्टीतला धोका नायकाच्या दातांत ठेवला की तिला ते दोन्ही जरा लांबून न्याहाळता येतं.

आणखी एक बारकावा आहे, जो मोठ्या माणसांच्या नजरेतून हमखास निसटतो. 'ट्वायलाइट'मधल्या एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं. एकट्या बेलाच्या मनातलं येत नाही, आणि त्यामुळेच तो तिच्याकडे ओढला जातो. आमच्या मुलींच्या घरात फोन एक, त्याला पासवर्ड नाही. क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर का, मैत्रिणीशी कशाबद्दल हसत होतीस, चेहरा का उतरलाय, सगळ्याची झडती. काही घरांत दहावी संपते न संपते तोच स्थळांचा विषय निघतो आणि तो तिला सगळ्यांत शेवटी कळतो. अशा मुलीला जिचं मन कुणालाच वाचता येत नाही अशी नायिका मिळाली, तर ती ते पुस्तक उशाखाली ठेवणारच. तुम्ही दातांकडे पाहत राहिलात, सर. मुली भलत्याच गोष्टीकडे पाहत होत्या.

भलत्या कल्पनांचं मात्र मी उडवून लावत नाही. हाच एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि तिला झोपलेली पाहत बसतो. तिला ते कळतं तेव्हा ती चिडत नाही, उलट सुखावते. विचारणारा म्हणून ज्याचं कौतुक, त्याने इथे विचारलेलं नाही. दुसऱ्या भागात तो तिला सोडून जातो, तर पुस्तकात ऑक्टोबर ते जानेवारी अशी नुसती महिन्यांची नावं येतात, बाकी पानं कोरी. तो नाही म्हणजे हिच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही नाही! ही कोरी पानं मला दातांपेक्षा जास्त खुपतात. नळही दमयंतीला रानात झोपलेली टाकून जातो, तिचं अर्धं वस्त्र फाडून नेतो. पण तिची पानं कोरी राहत नाहीत. ती रान तुडवत चेदी देशाला पोचते, पुढे माहेरी गेल्यावर ब्राह्मणांकरवी देशोदेशी कोड्यासारखा निरोप पाठवते, दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून त्याला बोलावून घेते, आणि रूप बदललेल्या नळाला त्याच्या हातच्या स्वयंपाकाच्या चवीवरून ओळखते. हे मी मुलींना सांगते तेव्हा त्या खूश होतात आणि मग बेलाच्या बाजूने माझ्याशी भांडतात. एकीचं म्हणणं, दमयंतीला राजवाडा होता, बेलाला काय होतं? यावर मला अजून पटण्यासारखं उत्तर सुचलेलं नाही.

पुस्तक काढून टाकलं तर हे भांडणही जाईल आणि वाचन काही थांबणार नाही. मोबाईलवर मराठीत भुताखेतांच्या प्रेमकथा रोज भागाभागांनी येतात. त्यांतले काही नायक एडवर्डपेक्षा पुष्कळ वाईट आहेत, नायिकेला उचलून नेतात आणि लेखक त्यालाच प्रेम म्हणतो. ते वाचताना मुलीशेजारी कुणी बसलेलं नसतं.

साने गुरुजींबद्दल थोडक्यात. त्यांची पुस्तकं आमच्याकडे आहेत, जातात आणि फाटेपर्यंत वाचली जातात. सकाळी एक आणि रात्री दुसरं वाचणाऱ्या मुली मला रजिस्टरमध्ये दिसतात, त्यांना स्वतःला त्यात काही विचित्र वाटत नाही. धारप-मतकरींच्या भयकथा वाचून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला भूत म्हणजे घाबरायचंच असतं, त्यामुळे त्याच्या प्रेमात पडणं आपल्याला थोडं हास्यास्पद वाटतं. मलाही वाटतं. पण ती आपल्या वयाची अडचण झाली.

तेव्हा पुस्तकं कपाटात राहतील. त्याच कप्प्यात नलाख्यानाची एक सटीप प्रत ठेवली आहे, पण श्लोक मला नीट चालीत म्हणता येत नाहीत. तुम्ही तर आयुष्यभर मराठी शिकवलंत. शनिवारी चारनंतर मुली इथे असतात आणि धरणगावहून गाडीने यायला वेळ लागत नाही. स्वयंवराचा भाग तुम्ही म्हणून दाखवा आणि बेलाबद्दलचा राग त्यांच्यासमोर बोलून दाखवा. त्या ऐकून घेतील, पण गप्प बसतील याची हमी मी देत नाही.

तुमची,
वाचनालयवाली