मावशीच्या फॉरवर्डमधलं विश्वाचं भोक

रविवारी सकाळी मावशीचा फॉरवर्ड आला. ताऱ्यांच्या गर्दीत मधोमध काळाकुट्ट डाग आणि खाली मजकूर: हे विश्वातलं भोक, बूटीस व्हॉइड, रुंदी 33 कोटी प्रकाशवर्षं, आत एकही तारा नाही, धुळीतून आरपार बघणाऱ्या इन्फ्रारेड दुर्बिणीलाही इथे काळोखच दिसतो, शास्त्रज्ञ हादरले! याआधी तीनदा आला तेव्हा गप्प बसले होते. पण या वेळी मावशीने तो सात वर्षांच्या नातवाला दाखवला, आणि पोरगं रात्री ‘आपण त्यात पडणार का’ म्हणत झोपेचना.

आधी फोटो. तो त्या व्हॉइडचा, म्हणजे दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) अगदी विरळ असलेल्या पोकळीचा, नाहीच. तो आहे बर्नार्ड 68, खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्डने 1919 मध्ये छापलेल्या यादीतला धूळ आणि वायूचा एक काळा ढग. राहतो भुजंगधारी तारकासमूहात. बूटीस म्हणजे आपला भूतप, स्वातीचा. म्हणजे पत्ताच चुकला. बरं, व्हॉइड आहे कोट्यवधी प्रकाशवर्षं लांब, आणि फोटोतले ठिपके आपल्याच आकाशगंगेतले तारे, म्हणजे त्याच्या कितीतरी अलीकडचे. लांबच्या माळावर झाडं नाहीत म्हणून खिडकीचे गज मधूनच गायब होतात का? हा ढग मात्र चार-पाचशे प्रकाशवर्षांवर, इतका जवळ की त्याच्या अलीकडे एकही तारा दिसत नाही. म्हणून डाग इतका स्वच्छ काळा.

आता इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. इथे फॉरवर्डवाल्याने एका वाक्यात दोन चुका केल्यात.

याच ढगाचे फोटो चिलीमधून इन्फ्रारेडमध्ये घेतलेत, आणि त्यात काळ्या डागाच्या जागी तारे दिसतात. खगोलशास्त्रज्ञ अल्व्हेस, लाडा आणि लाडा यांचा 2001 चा ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातला निबंध यावरच आहे. त्यांनी 1.65 आणि 2.2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अशा दोन तरंगलांबींवर 3,708 तारे मोजले, त्यातले हजारावर ढगाच्या पाठीमागचे. भोकाच्या पाठीमागे, म्हणा हवं तर!

‘आरपार’ हा शब्द अर्धा खरा आहे, तेवढं कबूल. धुळीचे कण मायक्रॉनच्याही अंशाएवढे. निळा प्रकाश ते सगळ्यात जास्त अडवतात, लाल कमी, इन्फ्रारेड आणखी कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ढगाच्या मध्याशी दृश्य प्रकाश साधारण 30 प्रतींनी मंदावतो (प्रत म्हणजे ताऱ्याची तेजस्विता मोजायचं माप). पाच प्रती म्हणजे शंभर पट, तेव्हा लाख कोटी किरणकणांतला एखादाच इकडे पोचतो. 2.2 मायक्रॉनवर अडथळा जेमतेम एक नवमांश, तरी तारा वीस-पंचवीस पट फिका पडतोच. आणि 1.65 वर 2.2 पेक्षा जास्त फिका पडतो, म्हणजे इन्फ्रारेडमध्येही तो ‘लाल’ होतो. फोटोत डागाच्या कडेकडून मध्याकडे सरकत गेलं की मागचे तारे अधिकाधिक लालबुंद दिसतात, ते यामुळेच. त्या तिघांनी हीच लाली एकेका ताऱ्यापाशी मोजून कुठे किती धूळ आहे त्याचा नकाशा काढला. धूळ खरंच आडवी आली नसती तर मोजायला काय उरलं असतं? शिवाय आणखी लांब तरंगलांबीवर, 9.7 मायक्रॉनपाशी, धुळीतले सिलिकेटचे (वाळूच्या जातीच्या खनिजांचे) कण स्वतःच प्रकाश गिळतात आणि अडथळा पुन्हा वाढतो. इन्फ्रारेड म्हणजे सरसकट परवाना नाही.

व्हॉइड खोटा आहे असं मी म्हणत नाही. खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट किर्शनर आणि सहकाऱ्यांना तो 1981 मध्ये सापडला, आणि आहेही अवाढव्य. पण ‘एकही तारा नाही’ हे साफ चूक. त्यात आतापर्यंत कितीतरी दीर्घिका सापडल्यात, आणि एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे. हादरलेल्या शास्त्रज्ञांबद्दल काही बोलत नाही.

हे सगळं मावशीला पाठवलं. ‘एवढं कोण वाचणार, फोटो असेल तर टाक,’ म्हणाली. इन्फ्रारेडमधला टाकला. पाच मिनिटांनी उत्तर आलं: ‘अगं, यात तर भोकच नाही.’